स्वारगेटच्या फ्लेक्सवरचा दादा

माझा दादा दहावीला शाळेत पहिला आला, तेव्हा त्याच्या क्लासचे सर स्वतः पेढे घेऊन आमच्या धनकवडीच्या घरी आले. बरोबर फोटोग्राफरही होता. आईला म्हणाले, "अहो, भरवा ना त्याला पेढा, लाजताय काय?" आईनं भरवला. थोड्याच दिवसांत तो फोटो स्वारगेटच्या चौकात भल्यामोठ्या फ्लेक्सवर लागला. त्यातून आईला कापून टाकलं होतं, फक्त बांगड्यांपर्यंतचा हात उरला होता. खाली लिहिलं होतं, 'आमचा हिरा'. बाबा कारखान्यात फिटर होते, बस बदलायला रोज तिथंच उतरायचे. भेटेल त्याला बोट करून दाखवायचे. मीही माझ्या आठवीच्या मैत्रिणींना मुद्दाम नेऊन दाखवला होता.

सरांनी दादाला इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या खास बॅचमध्ये घेतलं. दर रविवारी चाचणी, आणि सोमवारी मार्कांप्रमाणे बाकं. अकरावीभर दादा पहिल्या बाकावर होता. बारावीत घसरला. त्या बॅचमध्ये सगळेच आपापल्या शाळेतले पहिले, त्यामुळे कुणीतरी घसरणारच होतं. सर भर वर्गात म्हणायचे, "या हिरे, मागं बसा. स्वारगेटला पुढं, इथं मागं." मुलं हसायची. हे दादानं मला फार उशिरा सांगितलं. तेव्हा मला दिसायचं ते एवढंच, की तो एकच पान तासन्‌तास उघडून बसतो, घास हातात धरून विसरतो, आणि कानामागचे केस उपटत राहतो. तिथं टक्कल दिसायला लागलं. आई खोबरेल चोळायची आणि म्हणायची, "अभ्यासाची उष्णता आहे, परीक्षा झाली की जाईल."

सराव परीक्षेच्या दिवशी तो घरून निघाला, पण पेपरला पोचलाच नाही. क्लासमधून फोन आला तसे बाबा कामावरून सुटून शोधत फिरले. शेवटी तो स्वारगेटच्या डेपोत एका बाकावर सापडला. समोरच्या फ्लेक्सकडे बघत बसला होता. बाबांनी हात धरला तर म्हणाला, "बाबा, तो उतरवायला सांगा. तो मी नाही."

बाबा आयुष्यात कधी रिक्षा करायचे नाहीत. त्या दिवशी केली.

मानसोपचाराच्या डॉक्टर बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "आजार आहे, लाड नाहीत. बरा होतो. फक्त घाई करू नका." आम्ही घाई केली नाही. बारावीची परीक्षा त्या वर्षी राहिली. दादा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. पुस्तकं आईनं शेजाऱ्यांकडे ठेवून दिली, कारण ती दिसली की तो पुन्हा केस उपटायला लागायचा.

फ्लेक्स मात्र तिथंच होता. एवढंच नाही, नव्या प्रवेशांच्या जाहिरातीतही तोच फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, 'आज मोठ्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या वाटेवर'. आई ती जाहिरात घेऊन सरांकडे गेली. मी बरोबर होते. सरांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. जिन्याच्या पायरीवर उभं ठेवूनच बोलले.

आई म्हणाली, "सर, तेवढा फोटो काढा. त्याला त्रास होतो."

"अहो बाई, त्रास कसला? कौतुक आहे ते. लोक पाया पडतात फोटो लावा म्हणून."

"तो आजारी आहे, सर."

"ते कुणाला सांगत बसू नका. बाकीच्या मुलांच्या मनावर परिणाम होतो." मग हातातल्या मोबाइलकडे बघतच म्हणाले, "आम्ही हिरा करून दिला होता. तुम्हाला सांभाळता आला नाही, त्याला आम्ही काय करणार?"

आईनं जाहिरातीची घडी घातली. पदर खोचला आणि जिना उतरली. बस येईपर्यंत ती रडली नाही. बसमध्ये बसल्यावर रडली, आणि अख्खी बस बघत होती. त्या बसमध्येच मी ठरवलं, की या माणसालाही लोकांदेखत असंच उभं करायचं. मी पंधरा वर्षांची होते. लोक म्हणतात लहान वयातला राग विरतो. माझा मुरला.

मी कुठलाही क्लास लावला नाही, दहावी केली, अकरावी केली. सरांच्या सगळ्या जाहिराती वाचत राहिले. दर मे महिन्यात ते सातारा रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात पालकांची सभा घ्यायचे, हे मला त्यातूनच कळलं. अकरावीची परीक्षा झाल्यावर मी दादाला विचारलं, "मी तिथं जाऊन तुझं सांगितलं तर चालेल?"

तोवर तो बराच सावरला होता. बाहेरून बारावी पास झाला होता, सकाळी आईबरोबर भाजी आणायला जायचा. त्यानं भाजीची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "सांग. पण वाढवून सांगू नकोस. आहे तेच पुरे आहे."

मी आईची इस्त्रीची साडी नेसले, म्हणजे कुणाची तरी मोठी बहीण वाटावं. तिसऱ्या रांगेत बसले. सभागृह गच्च भरलं होतं. आयांच्या मांडीवर पर्सा, वडिलांच्या हातात माहितीपत्रकं, आणि मध्ये मुलं, मान खाली घालून. सरांनी पडद्यावर एकेक फोटो दाखवायला सुरुवात केली. तिसरा दादाचा आला.

"हा बघा. फिटरचा मुलगा. दोन खोल्यांचं घर. आणि आज कुठं आहे हा मुलगा?" सरांनी हात पसरले. "कुठं आहे सांगा!"

मी उभी राहिले. "मी सांगते. आत्ता घरी आहे. मी त्याची बहीण."

टाळ्या पडल्या! त्यांना वाटलं मी कौतुकाचं बोलणार. सरांनाही वाटलं असावं, कारण ते हसले. टाळ्या थांबेपर्यंत मी थांबले. त्या क्षणाची चव अजून माझ्या जिभेवर आहे.

मग सांगितलं. बाकं, हिरे, केस, डेपो, भिंत. आवाज चढवला नाही. सर मध्येच म्हणाले, "ताई, आपण हे नंतर निवांत बोलू."

"निवांत बोलायला माझी आई आली होती, सर. तुम्ही तिला पायरीवर उभं केलंत. आज तुम्ही उभे आहात, ऐका. तो कुठल्याही कॉलेजच्या वाटेवर नव्हता, दवाखान्याच्या वाटेवर होता. आणि हे तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, माईक खाली घेतला, पुन्हा वर घेतला. मागून एक गृहस्थ ओरडले, "ओ, बसा खाली, आम्हाला फॉर्म घ्यायचेत!" त्यांच्या शेजारच्या मुलीनं मात्र मान वर केली होती आणि ती माझ्याकडे टक लावून बघत होती. काही पालक उठून गेले. बरेच थांबले. मला वाटलं होतं सभागृह रिकामं होईल. तसं काही झालं नाही.

घरी आले तर दादा दोरीवर कपडे वाळत घालत होता.

"तोंड कसं झालं त्याचं?" त्यानं विचारलं.

"चुन्यासारखं."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. टाळ्यांपाशी आल्यावर तो हसला, आणि हातातला ओला शर्ट तसाच धरून म्हणाला, "ते टाळ्यांचं परत एकदा." आतून आई ओरडली, "अगं, काय करून आलीस?" पण तीही दारात येऊन उभी राहिली आणि शेवटपर्यंत ऐकलं. बाबा मात्र घाबरले. दोन दिवस जेवले नाहीत नीट. सरांनी वकिलाची भीती घालणारा फोन केला होता, तो बाबांनीच उचलला होता. वकील कधी आला नाही.

जून उजाडायच्या आत फ्लेक्स बदलला. तिथं दुसऱ्या एका मुलीचा फोटो लागला. क्लास बंद पडला नाही, वाढला. आता त्याच्या शहरभर शाखा आहेत. दादा भोसरीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, लग्न झालंय, एक गोळी अजून चालू आहे आणि ती तो चहाबरोबर सगळ्यांसमोर घेतो. त्याचा राग केव्हाच संपला. मला म्हणतो, "सोड आता, म्हातारे झाले असतील ते."

होऊ देत म्हातारे. आमच्या सोसायटीत, ऑफिसात, नात्यात कुणीही मुलासाठी त्या क्लासचं नाव काढलं, की मी त्यांना घरी बोलावते, चहा ठेवते आणि पेढ्यापासून सुरुवात करते. त्यातलं एकही मूल अजून तिकडं गेलेलं नाही.