दोन बादल्यांचा टब

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात जनू मोकलांना सगळे ‘बॉयलरवाले दादा’ म्हणतात. मूळचे ते धरमतरच्या खाडीकाठचे. आईबाप मिठागरावर राबले, लग्न होऊन आलेल्या बायजाबाईंनीही दहा-बारा वर्षं तिथेच मीठ ओढलं. दादा तेवढे लवकर सुटले. बॉयलरचं लायसन काढून ते धाटावच्या एका कंपनीत लागले आणि तेहतीस वर्षं त्यांनी शिफ्ट केली. दर तासाला वाफेचा दाब बघायचा, वहीत लिहायचा, खाली सही करायची. न बघता लिहिलेला एकही आकडा त्या वह्यांत सापडणार नाही, असं ते अजूनही छाती पुढे काढून सांगतात. कुणी नुसतं ‘बघतो’ म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडते. बॉयलरजवळ ‘बघतो’ म्हणणारा माणूस एक दिवस चार जणांना घेऊन जातो, हे त्यांचं ठाम मत.

गेल्या वर्षी त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. मुलगा प्रविण आणि सून नमिता पनवेलला असतात. दोघांनी मिळून कोलाडच्या पुढे, नदीकाठी नव्यानेच झालेल्या पंचतारांकित हॉटेलात आईबाबांसाठी दोन रात्री बुक केल्या. दादांनी आधी नाही म्हटलं. पण नमिताने मोबाइलवर खोलीचा फोटो दाखवला, तेव्हा बायजाबाई न्हाणीघरातल्या पांढऱ्याशुभ्र टबाकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचे गुडघे धरलेले, टाचांना कायमच्या चिरा. त्या एवढंच म्हणाल्या, “गरम पान्यान मानेपर्यंत बसाला मिलंल काय गो?” नमिता हो म्हणाली. मग दादांनीही पुढे काही काढलं नाही.

ते एक वाजता पोचले. गळ्यात फुलांची माळ पडली, हातात कोकम सरबताचा पेला आला आणि खोली तयार व्हायला साडेतीन वाजले. तोवर दोघं मऊ सोफ्यावर पिशव्या मांडीवर घेऊन बसून होती. काउंटरवरची मुलगी दर वेळी हसून सांगायची, दहाच मिनिटं सर.

खोली मिळाली ती टेकडीवर, सगळ्यात शेवटची. दाराला किल्लीऐवजी कार्ड होतं आणि ते चालेना. दादा खाली गेले, कार्ड बदलून आणलं, तेही चालेना, पुन्हा गेले. तेवढा वेळ बायजाबाई पायरीवर बसल्या होत्या. अखेर दार उघडलं. खोली फोटोतल्यासारखीच होती, यात वाद नाही. बायजाबाईंनी पिशवीतून घरचा टॉवेल काढला आणि दादांनी टबाचा नळ सोडला.

पाणी आलं ते गार. पाच मिनिटं सोडून ठेवलं, दहा मिनिटं सोडून ठेवलं. फार तर कोमट झालं. दादांनी खाली फोन लावला. बघतो सर. अर्ध्या तासाने परत लावला, दुसराच माणूस बोलला, त्याला आधीच्या फोनचा पत्ताच नव्हता. त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगितलं. बघतो सर. सहा वाजेपर्यंत दादांचे सात फोन झाले. त्यांनी हॉटेलच्याच पॅडवर वेळा लिहायला घेतल्या होत्या. बायजाबाईंनी दोनदा विचारलं की बाहेर कठड्याजवळ खुर्च्या ठेवल्यात, नदी दिसते, जरा बसू या का. दादा म्हणाले, “आता येतील गो ते. मी बाहेर गेलो नि मानूस येऊन गेला तर?”

माणूस काही आला नाही. जेवायला गेले तर हॉल एका लग्नाच्या वऱ्हाडाने भरलेला. जेवण खोलीत पाठवतो म्हणाले. तेवढ्या चढावरून येईतो डाळ थंड झाली होती. दादांनी ताटाला धड हात लावला नाही.

सकाळी उठून त्यांनी पहिल्यांदा नळ बघितला. पुन्हा कोमट. मग चहासुद्धा न घेता ते उतरले आणि काउंटरकडे न जाता धुराच्या नळकांड्याच्या रोखाने हॉटेलच्या मागच्या बाजूला गेले. कपडे धुण्याच्या शेडमागे बॉयलर होता. नवा, चकचकीत. दाब ठीक, पाणी कढत. तिथे नाथा नावाचा पन्नाशीचा फिटर बसला होता. दादांनी आपण कोण ते सांगितलं, तसा तो उठून उभा राहिला. टेकडीवर पाणी का चढत नाही, पंप बिघडलाय का, मी हात लावून बघू का, असं दादांनी विचारलं.

नाथा जरा घुटमळला. मग म्हणाला, “पंपाला काय झालेला नाय, दादा. बंद ठेवलाय. वरच्या बाजूला मानसं कमी असली की चालू करू नको, अशी ऑर्डर हाय. डिझेल वाचतं.”

बिघाड असता तर त्यांनी बाह्या सरसावल्या असत्या. पॅकिंग बदललं असतं, हवा काढली असती, अंगावर तेल उडवून घेतलं असतं. इथे बिघाडच नव्हता. सगळं धडधाकट होतं आणि काल दुपारपासून सात वेळा त्यांना ‘बघतो’ म्हणून सांगितलं जात होतं.

ते मॅनेजरकडे गेले. अपेक्षा नावाची ती मॅनेजर दादांच्या मुलाहूनही लहान असेल. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, दिलगिरी व्यक्त केली, पंपाबद्दल वरिष्ठांना कळवते म्हणाली आणि तोवर गरम पाण्याची सोय करते, असं सांगितलं. सोय म्हणजे काय ते दादांना चढ चढून वर गेल्यावर कळलं. गणवेशातले दोघे जण दोन बादल्या वाफाळतं पाणी घेऊन मागोमाग आले आणि त्या टबात ओतून, अदबीने मान लववून निघून गेले. सहा फुटी टबात पाणी घोट्याच्या वर गेलं नाही.

दादांनी पिशव्या भरल्या. अजून एक रात्र बाकी होती, पण ते ऐकेनात. बायजाबाईंनी टबाच्या काठावर बसून त्या पाण्यात पाय सोडले होते. त्या म्हणाल्या, “जरा थांबा. पानी निवंपर्यंत तरी.” दादा दारात पिशव्या घेऊन उभे राहिले. ते तसे उभे राहिलेले बघून बायजाबाईंनी पाय पुसले.

निघताना काउंटरवरच्या मुलीने टॅबलेट पुढे केला आणि पाच तारे द्यायची विनंती केली. दादांनी आपला लिहिलेला कागद तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, हा वाचा, मग तारे तुम्हीच मोजा.

घरी आल्यावर प्रविणचा फोन आला. बायजाबाई फोनवर म्हणाल्या की लई चांगला होता, जेवान पन झ्याक. दादांनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि सगळं खरं सांगितलं. दोघांना खूश करायला म्हणून मुलाने केलं होतं. त्याने चिडून फोन ठेवला. दादा बायजाबाईंवर उखडले. खोटं कशाला सांगायचं, पाणी मिळालं का तुला, असं विचारलं.

“पानी नाय मिलला, ता मना पन ठाव हाय,” बायजाबाई म्हणाल्या. “चालीस वर्सांत तुमी नि मी एका जाग्यावर दोन दिस कवा बसलाव? तुमची एक शिफ्ट सुटली की दुसरी. तिकरं पन तुमी फोन घेऊन उभंच. मी एकलीच नदी बघत होती.”

दादा अंगणात जाऊन उगाच बागेचा पाइप गुंडाळत बसले.

प्रविणने हॉटेलकडे तक्रार केली होती, तिला महिन्याभराने त्यांचं पत्र आलं. क्षमा मागितली होती आणि एका रात्रीचं आमंत्रण दिलं होतं. दादा म्हणाले, फाडून टाक. बायजाबाईंनी पत्राची घडी घातली आणि पेणला बहिणीला, मैनाला फोन लावला. दोघी येत्या रविवारी जायचं ठरवून मोकळ्या झाल्या. दादांना त्यांनी विचारलंही नाही.

रविवारी दादांनी दोघींना कोलाडपर्यंत रिक्षात सोडलं. वाटेत त्यांनी तीनदा बजावलं की पोचल्याबरोबर आधी नळ सोडून बघा. मैना बरं म्हणाली. बायजाबाई बाहेर बघत होत्या.