चारुदत्तकाकांच्या पाच गोळ्या

चारुदत्तकाकांची ती गोष्ट माहीत नसलेला मराठी माणूस टेक्सासमधल्या प्लेनोत सापडलाच, तर तो कालच विमानातून उतरलेला असतो, नाहीतर मंडळाच्या पॉटलकला (प्रत्येकाने एकेक डबा आणायचा) फक्त जेवणापुरता येणारा असतो. गोष्ट अशी. साल एकोणीसशे शहात्तर, नागपूर, एनसीसीचा कॅम्प. पॉइंट टू टूची रायफल, पंचवीस मीटरवर टार्गेट, गोळ्या पाच. पाचही भोकं इतकी चिकटून की सुभेदारसाहेबांना आधी वाटलं, पोरानं एकच झाडली आणि चार घरी नेल्या. इथे काका थांबतात, नाकाने लांबलचक श्वास आत ओढतात आणि म्हणतात, "मी काय म्हणून राहिलो, चार घरी नेल्या." मग सगळे हसतात. मी तर मनापासून हसते. तो श्वास नकलेत हुबेहूब जमायला मला दोन दिवाळ्या लागल्या.

काका एका टेलिकॉम कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटीचे इंजिनिअर होते. उंच, काटकुळे, पॅंट पोटाच्या वर आणि छातीच्या जरा खाली. त्यांना वस्तू विकत घेता येत नाही, फक्त निवडता येते. मिक्सर निवडायला त्यांना आठ महिने लागले. तोपर्यंत सुमेधाकाकूंनी खलबत्त्यात चटण्या कुटल्या आणि एकदाही तक्रार केली नाही. फक्त कुटण्याचा आवाज महिन्यागणिक वाढत गेला, एवढंच. काकू पुण्याच्या. काकांना एक गोष्ट सांगायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात काकू मोजक्या शब्दांत आठवड्याचं बोलून घेतात.

रिटायर झाल्यावर काकांनी प्लेनोच्या उत्तरेला, गाडीने तासाभरावर, दोन एकर जमीन घेतली. (तीही निवडायला चार वर्षं.) त्यात भुईमूग लावला. काकांनी बी पेरलं की मागून खारी येऊन उकरायच्या, आणि काकांचं म्हणणं असं की त्या ओळीने उकरायच्या, म्हणजे त्यांच्याकडे सिस्टिम होती. हे सगळं ते आमच्या घरी चहा पिताना सांगत होते. माझा बाबा बिस्किट बुडवता बुडवता सहज म्हणाला, "काका, तुम्ही तर नेमबाज. एक रायफल घेऊन टाका की."

काकांनी कप खाली ठेवला. गोष्ट सांगायला जेवढा श्वास लागतो तेवढाच आत घेतला, पण बाहेर काही आलं नाही. मग म्हणाले, घेतो ना. घेतोच. पण बरोबर ती घेतली पाहिजे.

आणि चौदा महिने रायफलची निवड चालली.

काकांनी एक तक्ता केला. आडवे रकाने सतरा, उभ्या ओळी बत्तीस. कोणीही भेटलं की फोन काढून तक्ता दाखवायचे आणि बोटांनी मोठा करत करत थेट माणसाच्या नाकाला टेकवायचे. त्यामुळे प्लेनोतल्या आम्हा सगळ्यांना, बाल्कनीत तुळस लावणाऱ्या कांचनमावशींनासुद्धा, आता ठाऊक आहे की पॉइंट टू टूची गोळी स्वस्त, तिचा धक्का आणि आवाज दोन्ही कमी, पण लांब गेली की बिचारी खाली झुकते. पॉइंट वन सेव्हनची गोळी पळते सरळ आणि जोरात, पण अंगाने इतकी हलकी की वाऱ्याने बाजूला सरकते. काका हे सांगताना हाताने वारा करून दाखवायचे. एकदा पॉटलकमध्ये त्या वाऱ्याने कोशिंबिरीचा डबा आडवा झाला.

मग प्रश्न नळीचा. टार्गेटसाठी जड नळी चांगली, बंदूक हलत नाही. पण शेतात खारीमागे फिरायचं तर हलकी हवी, नाहीतर खांदा खारीच्या आधी जातो. काकांना दोन्ही एकातच हवं होतं. काकू भाजी निवडत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "मुलगी नोकरीवाली हवी आणि दिवसभर घरातही हवी. कळवू म्हणावं."

बंदुकांच्या दुकानातला माणूस आधी काकांना सर म्हणायचा, मग चारु म्हणायला लागला, मग काकांची गाडी पार्किंगमध्ये शिरताना दिसली की त्याला गोदामात काम निघायला लागलं. काकांनी एकेक रायफल खांद्याला लावून पाहिली आणि प्रत्येक वेळी काहीतरी निघालं. हिचा दस्ता आखूड. हिचा चाप जड. ही चांगली आहे, पण मुळात इतकी चांगली का आहे, हे कळलं पाहिजे. शिकारीचं लायसन्स मात्र काकांनी पहिल्याच महिन्यात काढून ठेवलं. त्याची मुदत संपली, तेव्हा दुसरंही काढलं.

मला वाटतं, सगळ्यात आधी काकूंना कळलं. रायफल निवडली नाही तोवर ती झाडावी लागत नाही, आणि झाडावी लागत नाही तोवर शहात्तर सालची गोष्ट ठणठणीत राहते. नागपूरचे सुभेदारसाहेब काही प्लेनोत साक्ष द्यायला येणार नव्हते.

खंडेनवमी आठवड्यावर आली तेव्हा काकूंनी निकाल दिला. त्यांच्या घरी शस्त्रपूजेला पाटावर दरवर्षी लॅपटॉप, पाना आणि झाडं छाटायची कात्री असते. या वर्षी रायफल नसली तर त्या दिवसापासून विषय बंद, असं काकूंनी सांगितलं. विषय बंद म्हणजे तक्ताही बंद. काका त्याच दुपारी दुकानात गेले.

बाबाला ते सोबत घेऊन गेले होते, म्हणून पुढचं मला बाबाकडून कळलं. बंदूक घेण्याचा सरकारी फॉर्म भरताना काका प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचत होते. तुम्ही फरारी आहात का, यावर पेन थांबवून त्यांनी इतका विचार केला की दुकानदार एक पाऊल मागे सरला. शेवटी पॉइंट टू टूच घेतली, जड नळीची, बोल्ट ओढून एकेक गोळी भरायची. वर दुर्बीण मात्र सगळ्यात मोठी. दुकानदार म्हणाला, पन्नास यार्डाला नऊपट पुष्कळ झालं. पण चोवीसपटीची दुर्बीण सेलवर होती, त्याच पैशात पंधरापट जास्त. ते सोडून कोण येईल? बाबासुद्धा म्हणाला, घ्याच.

पूजा झाली. रायफलच्या दस्त्याला गंध, नळीला झेंडूचा हार. पाया पडून काका उठले आणि म्हणाले, आता खारींचं बघतो.

"खार मारायची नाही," काकू म्हणाल्या. "तिच्या पाठीवर रामाची बोटं आहेत."

काकांकडे याचं उत्तर तयार होतं. त्यांनी बहुतेक बरेच महिने ते जपून ठेवलं असावं. इथल्या खारीच्या पाठीवर पट्टे नसतात, त्यांनी स्वतः पाहिलंय, फोटोही आहेत. म्हणजे सेतू बांधताना हिने कामच केलेलं नाही. काकूंनी नळीवरचा हार सरळ केला. मग म्हणाल्या, "बरं. आधी कागदाला तरी लागतेय का बघू. शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर, माझ्यासमोर पाच गोळ्या. पाचही तुमच्या कागदाला लागल्या तर खारींचं तुम्ही आणि राम बघून घ्या. नाही लागल्या तर नागपूरची गोष्ट पुन्हा मंडळात सांगायची नाही."

काका हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार, समोर उदबत्ती जळत होती.

शनिवारी सकाळी आम्ही चौघं रेंजवर गेलो. सगळ्यांच्या कानांवर आवाज अडवणारे मोठाले डोनट. काकांना सात नंबर मिळाला, आठ नंबरवर अर्ल नावाचे एक आजोबा. पोट पुढे, टोपी मागे, हातात घोडा दाबत राहिलं की गोळ्या सुटत राहणारी जुनी रायफल. त्यांचं टेक्सन इंग्रजी मराठीत आणायचं तर कोल्हापूरवरूनच आणावं लागतं. काकांची दुर्बीण बघून ते म्हणाले, "आयला पाव्हणं, चंद्रावरची खार मारताय व्हय?"

काका बसले. दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ काहीतरी शोधत राहिले, कारण चोवीसपटीत पन्नास यार्डावरचं जग फार मोठं असतं आणि त्यात आपला कागद फार छोटा. मग सापडला. श्वास. तोच, नागपूरचा. पहिली गोळी. बोल्ट मागे, बोल्ट पुढे, श्वास, दुसरी. असं पाच वेळा. मला हसू आलं नाही. काका एकदम कुणीतरी वेगळेच दिसत होते, पोटावरची पॅंटसुद्धा ऐटीत वाटत होती.

पाचवी झाडून त्यांनी पुन्हा दुर्बिणीतून पाहिलं आणि ते सावकाश उठले. काकूंकडे बघून फक्त "झालं" म्हणाले. शेजारी अर्लआजोबांनी तेवढ्यात आपली सगळी पेटी रिकामी केली, मक्याच्या लाह्या फुटाव्यात तशी.

गोळीबार थांबला, बंदुका टेबलांवर उघड्या ठेवून सगळे कागद आणायला चालत गेले. काका पुढे, जवळजवळ परेडमध्ये. सात नंबरपाशी पोचले आणि थांबले.

कागद कोरा होता. नुसता कोरा नाही, इस्त्री केलेला.

आठ नंबरचा कागद बघून अर्लआजोबा आपली टोपी काढून उभे होते. त्यांची भोकं कागदभर, अंगणात शेंगा सांडाव्यात तशी. पण मधोमध, काळ्या ठिपक्यात, पाच भोकं एकमेकांना इतकी चिकटलेली की वरून अंगठ्याचं नख ठेवलं तर सगळी झाकली जावीत.

बाबाने माझ्याकडे बघितलं. काकूंनी आधी कोऱ्या कागदाकडे, मग शेजारच्या, मग दुर्बिणीकडे. काकांनी तोंड उघडलं.

पण अर्लआजोबांनी फोन लावला होता. भावाला. त्याला ते ओरडून सांगत होते की पाच, अरं पाच, एका जागी, आणि तू म्हनत व्हतास की डोळं गेलं माझं, आपरेशन फुकट गेलं म्हनत व्हतास. मग त्यांनी फोन काकांच्या हातात दिला आणि कागदाशेजारी उभे राहिले. "पाव्हणं, एक फोटू काढा. नीट यिऊ द्या, त्याला धाडायचाय."

काकांनी फोटो काढला. एक उभा, एक आडवा, एक जवळून, कारण शेवटी ते क्वालिटीचे इंजिनिअर. फोन परत घेताना अर्लआजोबांनी विचारलं, तुमच्या किती लागल्या?

"एकही नाही," काका म्हणाले.

अर्लआजोबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की व्हतंय, सरावानं यिल.

परतीच्या वाटेवर हायवे लागला. मग काकू म्हणाल्या, "ती पाच तुमची होती ना?"

"मुळात प्रश्न असा आहे की..."

"हो की नाही?"

"हो."

 काकू म्हणाल्या, अट अटच आहे. काका म्हणाले, अर्थात.

दिवाळीच्या पॉटलकला जेवणं झाली, सुपारी फिरली आणि कोणीतरी नेहमीसारखं म्हणालं, काका, नागपूर होऊन जाऊ दे. मी सवयीने श्वासाची वाट बघितली. काकांनी मान हलवली आणि सुपारीची डबी उघडून त्यात काय काय घातलंय ते निवडायला लागले. लोकांना वाटलं, बरं नाही.

तेव्हा समोरच्या खुर्चीवरून सुमेधाकाकू म्हणाल्या, "मी सांगते. नागपूरची नाही, इथली." आणि ज्या बाईने अख्ख्या जन्मात एकही गोष्ट सांगितली नव्हती, तिने पंधरा मिनिटं सांगितलं. तक्ता, फरारी, रामाची खार, कोरा कागद, शेजारचा कागद, सगळं. पाचाच्या ठिकाणी त्या थांबल्या, नखाएवढी जागा हवेत दाखवली आणि सगळी खोली पुढे वाकली. मला नक्कल करायला नवीन माणूस मिळाला.

"पंचवीस-तीस यार्डावरून," त्या म्हणाल्या.

"पन्नास," काका डबीत बघत म्हणाले.

"अहो, मी सांगतेय ना?"