आप्पांचा गरम चहा

अक्षय्य तृतीया : भोकरच्या जत्रेत आमच्या हौशी रेडिओ मंडळाचा बिनतारी संच भर उन्हात निकामी ठरला. जबाबदार : शिवलिंगआप्पा, लातूर. त्यानंतरची पौर्णिमा : नांदेडच्या बैठकीत तो दोष माझ्या माथी मारण्यात आला. जबाबदार : तेच शिवलिंगआप्पा, आणि ऐकून गप्प बसलेले अध्यक्ष.

ज्यांनी आप्पांना पाहिलेले नाही, त्यांनी त्यांचा चहा आधी समजून घ्यावा. आप्पा विजेच्या सामानाचे दुकानदार; कपाळी भस्म, आवाज खणखणीत. नवा कपॅसिटर, म्हणजे संचातला वीज साठवणारा चिमुकला भाग, आला की ते चहा मागवत, पण पीत नसत. तो संचात जोडून, संच चालू करून त्याची लहर शेजारच्या रेडिओवर शिट्टीसारखी ऐकत आणि वाफाळता ग्लास कपॅसिटरला भिडवत. सूर घसरला की गरजत, "बघा वकीलसाहेब, गरम झालं की ह्याचं मन बदलतंय! न्हाई जमायचं." मी वकील नाही, माझ्या पत्रव्यवहारावरून ते मला तसे चिडवत. अभ्रकाच्या कपॅसिटरवर सूर ढळत नसे. मग तोच चहा पीत म्हणत, "हा आपला माणूस हाय."

साध्या सिरॅमिकच्या चकत्यांचा, म्हणजे स्वस्त कपॅसिटरचा, त्यांना राग नव्हता. "वीज गाळायला लावा की खुशाल. पण लहर ठरते तिथं अभ्रकच. तिथं हयगय केली, तर तुम्ही बोलणार एकीकडं अन् लोक ऐकणार दुसरीकडं."

याच माणसाच्या भरवशावर मी जत्रा समितीला लेखी हमी दिली : उन्हाने आमच्या संचात फरक पडणार नाही. हमीखाली सही माझी आहे.

दुपारी जत्रेत एक म्हातारे उन्हाने कोसळले. संचावर बसलेल्या परिचारिका शबानाबाई रुग्णवाहिकेसाठी हाका मारत राहिल्या. नांदेडला आम्हाला नुसती खरखर. अखेर एका टेम्पोवाल्याने म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेले, म्हणून ते वाचले. "साहेब, मी ओरडूनच राहिले होते," बाई मला म्हणाल्या, "तुम्ही काय झोपले होते का?"

मी संच उघडला. लहर ठरवण्याच्या जागी सिरॅमिकची चकती होती. तिच्या तारेच्या पायांना उलटा वेढा घालून कथलाचा डाग दिलेला. ती सवय मंडळात फक्त आप्पांची.

बैठकीत आप्पा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सामान वकीलसाहेबांनी आणलं. म्या नुसता डाग दिला." समोरचा चहा त्यांनी तसाच निवू दिला. बैठकीनंतर जिन्यात माझा हात धरून कुजबुजले, "अभ्रकाचा मिळाला न्हाई हो. जत्रा तोंडावर आलेली. लई ताणू नका, आता विसरा."

ज्या माणसाने मला कपॅसिटर पारखायला शिकवले, त्याने हे मला विसरायला सांगावे!

माझ्या एकाही पत्राला उत्तर नाही. म्हणून ही जाहीर मागणी : आप्पा, जिन्यात जे मला सांगितलेत, ते पुढच्या बैठकीत अध्यक्षांसमोर आणि शबानाबाईंसमोर सांगा. भोकरचा संच मी टेबलावर ठेवीन. चहाही गरमच मागवीन. ग्लास मात्र तुम्ही स्वतःच्या हाताने त्या चकतीला लावायचा.