क्वार्टरमधली भाकरी

वालचंदनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये भाकरीला बंदी होती. हुकूम वडिलांचा. कारखान्यात नोकरी, महिन्याला पगार, मग ताटात गव्हाची चपाती आणि पांढराशुभ्र भातच हवा. भाकरीचं नाव काढलं की कपाळाला आठी. मला तो नुसता साहेबी तोरा वाटायचा.

नव्वदच्या दशकात त्यांना शुगर निघाली. बारामतीच्या डॉक्टरांनी बजावलं, भात कमी करा, ज्वारीची भाकरी खा, रोज पालेभाजी, भिगवणची मासळी चालेल पण तळून नको. मासळीपर्यंत वडील मान डोलवत होते. भाकरी ऐकली आणि खुर्चीवरून उठलेच.

घरी ते हातपाय धुवायला गेल्यावर आईनं मला हळूच सांगितलं. आमचं घर बौद्ध होण्याआधी आजी गावकीच्या कामाच्या बदल्यात दारोदार भाकरी मागायला जायची. मिळायची ती शिळी. वडील लहानपणी तिच्याबरोबर त्या दारांत उभे राहिलेले.

"त्यास्नी भाकरीचा राग न्हाय," आई म्हणाली, "मागायचा हाय."

आणि पदर खोचून तिनं परात ओढली. येताना आणलेल्या ज्वारीच्या पिठात उकळतं पाणी ओतलं, मऊ होईपर्यंत मळलं. "बघ, तेलाचा थेंब लागत न्हाय!" शेजारी लसणाची फोडणी दिलेली मेथी शिजत होती. भाकरी थापल्याचा आवाज घरभर घुमायला लागला.

"हळू," वडील बाहेरच्या खोलीतून ओरडले. "शेजारी ऐकतील."

"ऐकू द्या की! आपल्या पगाराची ज्वारी हाय," म्हणत आईनं आणखी जोरात थापली. मला हसू आवरेना.

तेवढ्यात दार वाजलं. पलीकडच्या काकू, हातात ताटली. आजी ज्यांच्या दारात उभी राहायची, तसल्याच मोठ्या घरातल्या. उंबऱ्याबाहेर घुटमळत म्हणाल्या, "वहिनी, वास आला हो. मला मेलीला थापता येत नाही. एखादी भाकरी मिळेल का?"

मी वडिलांकडे बघितलं. आता भडकतात असं वाटलं. आईनं टोपलीतली पहिली भाकरी उचलली.

"ती नको," वडील म्हणाले. "गार झाली. तव्यावरची दे." मग काकूंकडे वळले. "आणि तुमी दारात नका उभ्या राहू. आत या, बसा."

काकू आत येऊन बसल्या. वडिलांनी टोपलीतली गार भाकरी स्वतःच्या ताटात घेतली, मांडी घातली आणि तुकडा मोडला.