नोएडात बसून समुद्र ऐकताना

नागपूर स्टेशनावर गाडी हलली तेव्हा आईने खिडकीचे गज धरून विचारलं, "दिल्लीत समुद्र कुठं आहे वं?" मी हसत सुटले. बाबा मात्र गंभीर होते. "वर्षभर नोकरी करून पाहा. नाही जमलं तं वापस ये, लाजू नको. यवतमाळच्या पॉलिटेक्निकात शिकवशील."

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या काही पुण्याला गेल्या, काही यवतमाळातच राहिल्या, पण आईचाच प्रश्न सगळ्या विचारता. समुद्र नोएडात नाहीच, तो माझ्या स्क्रीनवर आहे. समुद्राच्या तळातून जहाजापर्यंत तेल आणणारे लवचीक पाइप असतात. आत प्लॅस्टिक, त्यावर पोलादी तारांचे वेढे, वरून पुन्हा वेष्टन. लाटांबरोबर डोलून डोलून आतल्या तारा थकतात. एखादी तुटली तरी बाहेरून काही दिसत नाही, फक्त टण्णकन आवाज होतो. पाइपावरचे सेन्सर तो पकडून आमच्याकडे धाडतात. यवतमाळची पोरगी समुद्र ऐकते आणि वर पगारही घेते! मला अजून खरं वाटत नाही.

अकराव्या महिन्यात, दुपारी डबा उघडतेय तोच तसे दोन आवाज आले. आमचे टीमप्रमुख खन्नासर म्हणाले, "अरे यार, बोट लगी होगी. चलो, खाना खाओ." पण पाइपावर एक उभी रेघ रंगवलेली असते, ती कॅमेऱ्यात दिसते. मी सकाळचा आणि आत्ताचा फोटो शेजारी-शेजारी ठेवले, स्क्रीनला चक्क फूटपट्टी लावली. रेघ किंचित वळली होती; आतल्या तारा तुटल्या की पाइपाला असा पीळ बसतो. बोटीचा धक्का असता तर पाइप हलून परत जागेवर आला असता. हा पीळ तसाच राहिला होता.

ड्यूटी माझी, म्हणून तेल थांबवायच्या शिफारशीवर सही माझी. चुकले असते तर कंपनीचं मोठं नुकसान, आणि माझी नोकरी अजून पक्की नव्हती. गाशा गुंडाळावा लागला असता. पण खरं सांगते, इतकी मजा आयुष्यात आली नव्हती. केली सही.

पाइप बंद झाला. तपासणीला चार दिवस लागले आणि चारही दिवस जीव टांगणीला. तेव्हाच कळलं की मला परत जायचं नाहीये. स्वतःशी ते कबूल करताना रडू आलं.

पाचव्या दिवशी फोटो आला. वेष्टन कापलेलं, आत दोन तारा तुटलेल्या. मी खुर्चीतून उडीच मारली! खन्नासर सगळ्यांसमोर म्हणाले, "अच्छा हुआ तुमने मेरी नहीं सुनी."

घरी फोन केला. "बाबा, मी वापस नाही येत."

बाबा म्हणाले, "तं मग आम्हीच येतो पाहाले."

त्याच संध्याकाळी सेक्टरातल्या बाजारातून दोन गाद्या घेतल्या. ऑटोत मावेनात, एक मांडीवर घेऊन आले. वर्षभर माझ्या भाड्याच्या खोलीत मी एकटीपुरतंच सामान ठेवलं होतं, कधीही उचलता येईल असं. यवतमाळच्या घरात मी लेक आहे आणि राहीन. पण आता एक दार असं आहे, जे मी उघडणार आणि आईबाबा चपला काढून आत येणार. त्यालाही मी घर म्हणायला लागलेय.