मास्तरांचा प्रश्न

लाखनीच्या वाचनालयात रोज येणारे एक मास्तर हळू बोलत, आणि चिडले की आणखी हळू. सत्तरच्या दशकात एकदा तिथं पाहुण्या प्राध्यापकांचं भाषण झालं. विषय होता जपानच्या ताब्यातला कोरिया: दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपाननं कोरियन लोकांवर आपली भाषा, आपली नावं लादली होती.

प्राध्यापक म्हणाले, "बऱ्याच जपानी कथाकारांना त्यात जपानी आणि कोरियन मिळून एकच कुटुंब दिसलं. काही कोरियन कथाकारांनीही तसंच लिहिलं."

मास्तर उठले. "कोणत्या भाषेत लिहिलं जी त्यायनं?"

"जपानीत."

"कोरियनमध्ये छापू देत होते का?"

"शेवटी शेवटी जवळजवळ नाहीच."

"मग त्यायनं 'नाही' कोणत्या भाषेत म्हणाव, सर?"

प्राध्यापकांनी पुढचा मुद्दा घेतला. मास्तर भाषण संपेपर्यंत उभेच राहिले.