विश्वकिरण, पत्रे आणि साका

अर्धवट ज्ञान झालं की माणूस ते आधी सासुरवाडीला पाजळतो. तिथे निदान चहा तरी मिळतो.

आपला माणूस अंतराळात जाऊन आला त्या उन्हाळ्यात हायस्कुलातल्या शास्त्राच्या मास्तरांना, म्हणजे मला, वाटू लागलं होतं की त्या यानाला आपलाही थोडा हात लागलाय. एका मासिकात विश्वकिरणांवर लेख आला होता. अवकाशातले हे अदृश्य कण सजीवांच्या पेशी भेदून जातात, यानातून नेलेल्या बियांना आतून बिघडवतात, वरून मात्र काही दिसत नाही. एवढं पहिल्या पानावर होतं. दुसरं पान मी उलटलं नाही. विद्वानाला एक पान पुरतं.

तेवढ्या शिदोरीवर मी तोंडवलीला गेलो. तिथे सासऱ्यांची हापूसची कलमं. आदल्या वर्षी त्यांच्या आंब्यांत साका निघाला होता, म्हणजे वरून फळ देखणं आणि कापलं की बाठीभोवतीचा गर पांढरट, आंबट, स्पंजासारखा. यंदा धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलेलं. फोंडाघाटचे व्याही आठवड्याभरात खास आंबे खायला येणार होते.

"पुन्हा साको निघालो तर तोंड खंय दाखवू?" सासरे म्हणाले.

"मामा, बिघाड बाठीपाशी सुरू होतो, बाहेरून दिसत नाही. हे विश्वकिरण!"

सासऱ्यांना यातलं एक अक्षर कळलं नाही, म्हणून त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास बसला.

पडवीची कौलं मातीची, किरणांना अडवायला धातू हवा, असं मी ठरवलं. उतरवलेले आंबे पडवीतून काढून खळ्यात मांडायला लावले आणि वर हातभर उंचीवर जुने पत्रे घातले. झाडावर चढून आंबे काढणारा म्हातारा गडी बघत होता.

"मास्तरांनु, पत्रो तापतलो."

"प्रश्न उन्हाचा नाही, किरणांचा आहे."

"आकाशातसून काय पडता ता माका ठावक नाय. पत्रो तापता ता ठावक आसा."

नापास मुलाकडे बघून हसतो तसा मी हसलो. बायको म्हणाली, "वर्गात काय ता शिकवा. माझ्या बापाशीच्या आंब्यांका हात लावू नकात." तिच्याकडे बघून हसायची मात्र छाती झाली नाही.

व्याही आले. विहीणबाई ताट घेऊन बसल्या. बायकोने पहिला आंबा कापला, साका. दुसरा, साका. तिसरा कापताना सासऱ्यांनी मान फिरवली. विहीणबाईंनी ताट हळूच, पण सगळ्यांना दिसेल असं, पुढे सरकवलं. स्वयंपाकघराच्या दारात मेहुणी पांढरीफटक उभी होती.

तेवढ्यात गडी टोपली घेऊन आला.

"ह्ये माझ्या वाट्याचे. त्याच कलमाचे. फणसाच्या सावळेत ठेवललंय."

बायकोने त्यातला एक कापला. बाठीपर्यंत केशरी. विहीणबाईंनी ताट पुन्हा ओढलं आणि तीन आंबे खाऊन, चौथ्याकडे बघत उठल्या. सासऱ्यांनी गड्याला स्वतःच्या शेजारी पाटावर बसवलं. मला कुणी बस म्हणालं नाही.

"मास्तरांनु," गडी हात पुसत म्हणाला, "तुमचे किरण फणसाखाली वाट चुकले वाटता."

घरी आल्यावर मी दुसरं पान उलटलं. बहुतेक विश्वकिरण वातावरणच थोपवतं. जे जमिनीवर पोचतात ते कौलांतून, पत्र्यांतून, आपल्या अंगातून रात्रंदिवस आरपार जातात आणि आंब्याच्या वाटेला जात नाहीत. मास्तराच्या डोक्यात अडण्यासारखं तर त्यांना काही सापडतच नसणार.

लग्न झालं. मेहुणीचा संसार झकास चालला आहे. दर वैशाखात सासुरवाडीहून आंब्यांची पेटी येते, आणि पेटीच्या तोंडाशी, गवतावर, गंजक्या पत्र्याचा एक तुकडा ठेवलेला असतो. बायको आधी तो माझ्या ताटाशेजारी मांडते, मग आंबा कापायला घेते.